आगगाडी तीच, शेवट निराळा

प्रश्न : जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचे ‘युवर नेम’ (२०१६), ‘वेदरिंग विथ यू’ (२०१९) आणि ‘सुझुमे’ (२०२२) मी लागोपाठ पाहिले. प्रत्येकात एक मुलगा, एक मुलगी, एक आपत्ती आणि रॅडविम्प्स या जपानी रॉक बँडचे संगीत! दिग्दर्शक स्वतःचीच नक्कल करतात काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : साचा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आगगाडीचेच पाहा. शिंकाई यांच्याच ‘५ सेंटीमीटर्स पर सेकंड’च्या (२००७) शेवटी रेल्वे फाटकात दोघे एकमेकांना ओलांडून जातात, मध्ये गाड्या धडधडतात आणि त्या सरल्यावर पलीकडे ती नसते; ‘युवर नेम’मध्ये शेजारून धावणाऱ्या गाड्यांतून दोघांची नजरानजर होते आणि या वेळी ते उतरून एकमेकांना शोधत निघतात. आपत्तीही तशीच बदलत जाते : आधी धूमकेतू, मग न थांबणारा पाऊस, आणि ‘सुझुमे’त थेट २०११चा जपानमधला भूकंप. १९९३च्या किल्लारीच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ‘सुझुमे’तले अवशेषांत एकटेच उभे राहिलेले ते दार केवळ साच्यातले वाटणार नाही. ऐन भावनिक प्रसंगी हमखास सुरू होणाऱ्या गाण्यांचा मात्र (हे माझे वैयक्तिक मत) आता कंटाळा येतो.