मॉन्ट्रियलमध्ये पहिल्यांदाच आइस हॉकीचा सामना बघायला जायचंय, खेळ कळत नाही. जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरीनिमित्त नुकतेच मॉन्ट्रियलला आलात, सोबत पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी आहे. ऑफिसात सगळे कॅनेडियन्स या इथल्या आइस हॉकी संघाबद्दलच बोलतात म्हणून एकदा त्यांच्या स्टेडियमला, बेल सेंटरला जावंसं वाटतंय. पण खेळ कळत नाही, तिकीट महाग आहे, आत थंडी असेल, मारामारी होते असंही ऐकलंय.

जरूर जा, आणि तिघंही जा.

मी खडकीचा. धनराज पिल्ले ज्या खडकीचे, तीच. मैदानावरची हॉकी बघत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे इथला खेळ चटकन कळेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पहिला पिरियड, म्हणजे सामन्याच्या तीन भागांतला पहिला, मी नुसता पकच्या मागे डोळे फिरवत बसलो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडूंच्या पायांतून आणि कठड्याला आपटून ती इतक्या वेगानं जाते, की नवख्या डोळ्याला दिसतच नाही. एक गोल झाला तो मला सायरन वाजल्यावरच कळला.

शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. माझी धडपड त्यांच्या लक्षात आली असावी. मध्यंतरात त्या म्हणाल्या, ‘पककडे बघू नका, बाकाकडे बघा.’ मग गुडघ्यावर बोटानं चौकोन काढून त्यांनी मला समजावलं. आज मी तुम्हाला तेच सांगतोय, कारण त्यानंतरच मला हा खेळ दिसायला लागला.

बर्फावर एका संघाचे पाच खेळाडू आणि एक गोली, म्हणजे गोलरक्षक असतो. हे पाच जण पूर्ण ताकदीनं जेमतेम 40-50 सेकंद खेळतात आणि बाकावर परततात, त्यांच्या जागी दुसरे पाच उतरतात. आपल्या हॉकीतही चालू खेळात खेळाडू बदलतात, पण इथे तो बदल अख्खा सामनाभर, दर मिनिटाला चालू असतो. एक जण कठड्यावर पाय टाकतोय, त्याच क्षणी दुसरा उडी मारून आत येतोय, आणि पक तिकडे दुसऱ्या टोकाला आहे. हा बदल चुकला आणि एक खेळाडू जास्त झाला, की दंड. 1979 साली उपांत्य फेरीच्या निर्णायक सातव्या सामन्यात मॉन्ट्रियलविरुद्ध बोस्टन आघाडीवर होतं आणि जेमतेम अडीच मिनिटं उरली होती. नेमका तेव्हाच त्यांचा एक खेळाडू जास्त झाला. दंड मिळाला, त्या संधीत मॉन्ट्रियलच्या गी लाफ्लरनं बरोबरी साधली आणि जादा वेळेत मॉन्ट्रियल जिंकलं. ती गोष्ट सांगताना आजींचा आवाज कापत होता.

दुसऱ्या पिरियडमध्ये हे जास्त नीट बघा. संघ बाजू बदलतात, पण बाक जागचे हलत नाहीत. त्यामुळे बचाव करणाऱ्यांना आपल्या गोलपासून बाकापर्यंत लांब जावं लागतं. समोरच्या संघानं पक त्यांच्याच टोकाला अडकवून ठेवला, तर ते बदलायला जाऊच शकत नाहीत. दीड मिनिट खेळून दमलेला खेळाडू वरून ओळखू येतो : कमरेत वाकलेला, स्टिकवर भार टाकलेला. गोल आता येणार हे अख्ख्या स्टेडियमला आधीच कळतं आणि लोक उठून उभे राहतात. त्यातली मजा टीव्हीवर नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे असतो.

म्हणूनच माझं स्पष्ट मत : काचेजवळची महागडी तिकिटं घेऊ नका. वरच्या मजल्यावर, लांब बाजूला, मधल्या रेषेच्या आसपास बसा. 200 बाय 85 फुटांचा सगळा बर्फ एका नजरेत येतो. शनिवार टाळा, टोरंटो आणि बोस्टनविरुद्धचे सामनेही टाळा; त्यांचं तिकीट सगळ्यात चढं असतं. सप्टेंबरातले सरावाचे सामने त्या मानानं स्वस्त असतात. तेही परवडत नसेल तर शेजारच्या लावाल शहरात प्लास बेल या स्टेडियममध्ये लावाल रॉकेट हा कॅनेडियन्सचाच दुय्यम संघ खेळतो. मोंमोरान्सी मेट्रोला उतरलं की लगेच. खेळ तोच, आणि लहान मुलांसाठी तिथलं वातावरण जास्त मोकळं.

नियम जाण्याआधी दोनच समजून घ्या. समोरच्या निळ्या रेषेपलीकडे पक आधी जायला हवा, खेळाडू नंतर, नाहीतर ऑफसाइड. आणि दंड झाला की तो खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसतो, त्याचा संघ एकानं कमी. बाकीचं बघता बघता कळतं. आपल्या हॉकीत चेंडू गोलरेषेबाहेर गेला की खेळ थांबतो, इथे गोलच्या मागेही खेळ चालू राहतो, एवढं मात्र डोक्यात ठेवा.

मारामारीबद्दल. अंगानं धडक देणं नियमात बसतं, ते दर मिनिटाला दिसेल आणि कठड्याचा आवाज वरपर्यंत येतो. मुठींची मारामारी पूर्वीपेक्षा बरीच कमी झालीय. झालीच तर दोघंही पाच मिनिटं बाहेर. मला वाटतं, मुलीला मारामारीपेक्षा गोलच्या सायरनचा त्रास जास्त होईल. तिला आधी सांगून ठेवा आणि कानांवर घालायला काहीतरी न्या. पक प्रेक्षकांत उडू नये म्हणून दोन्ही गोलांमागे जाळी असते, लांब बाजूला बसलात तर मात्र लक्ष ठेवा. ही काळजी या खेळाइतकीच जुनी आहे. 3 मार्च 1875 ला बंदिस्त जागेतला पहिला जाहीर सामना याच शहरात, बेल सेंटरपासून चालत काही मिनिटांवर तेव्हा असलेल्या व्हिक्टोरिया रिंकवर झाला, तेव्हा चेंडू उडून लोकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली होती.

थंडी आत फारशी नसते, स्वेटर पुरतो. जाडजूड जॅकेट मांडीवर घेऊन बसावं लागेल. मोठी बॅग नेऊ नका. शाकाहारी असाल तर जेवून जा. पूटीन, म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे फ्राइज, इथे सगळे खातात, पण त्याच्या ग्रेव्हीत बहुतेकदा मांसाचा रस असतो.

आणि तासभर आधी पोचा. खेळाडू सरावाला उतरतात तेव्हा जाऊ दिलं तर मुलीला घेऊन खाली काचेपर्यंत जा. स्केटची धार बर्फ कापताना करकर वाजते, तो आवाज सामना सुरू झाल्यावर गर्दीत हरवतो. कधी कधी एखादा खेळाडू काचेवरून मुलांकडे पक टाकतो. मिळाला तर हातात घेऊन बघा, कडेला बारीक खरखरीत नक्षी असते आणि रबर असूनही दगडासारखा गार लागतो.

मग वर जाऊन बसा, आणि पहिल्या पिरियडमध्ये मुलीला एकच काम द्या : आपल्या बाकावरून किती वेळा खेळाडू बदलले ते मोजायचं.