डिस्क भरलेली, पण फाइल सापडेना

प्रश्न : आमच्या लिनक्स सर्व्हरवर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर तासाला 'डीएफ' हे डिस्क किती भरलीय ते सांगणारं टूल चालतं. वापर ९० टक्क्यांवर गेला की मेल येतो. परवा मेल आला म्हणून एक भलामोठा लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) उडवला, तरी आकडा जागचा हलेना. 'डीयू' या दुसऱ्या टूलची बेरीज मात्र बरीच कमी येते. खरं कोण बोलतंय?

उत्तर : दोघंही. डीयू फोल्डरांमध्ये दिसणाऱ्या फाइली मोजतं, डीएफ थेट फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला, विचारतं. तुम्ही लॉगचं नुसतं नाव पुसलंत. ज्या प्रोग्रॅमने तो उघडून धरलाय, तो बहुधा अजून त्यातच लिहितोय आणि त्याने सोडेपर्यंत जागा मोकळी होणार नाही. रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'एलएसओएफ' हे उघड्या फाइलींची यादी देणारं टूल चालवा, त्याला 'अधिक एल एक' (+L1) हा पर्याय द्या. अशा बिननावाच्या फाइली, त्या धरून बसलेल्या प्रोग्रॅमसकट, समोर येतील. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केलात की आकडा उतरेल. यापुढे चालू लॉग उडवू नका, ते काम लॉगरोटेटवर (जुने लॉग बाजूला काढून पुसणारं टूल) सोपवा.

तुमच्या स्क्रिप्टबद्दलही थोडं. दर तासाला तोच मेल मला पटत नाही, माणसं तो न वाचताच डिलीट करू लागतात. मर्यादा ओलांडली तेव्हा एक, पुन्हा खाली आली तेव्हा एक, बास. आधी काय कळवलं होतं याची नोंद छोट्या फाइलीत ठेवा, फक्त ती त्याच भरणाऱ्या डिस्कवर नको! शिवाय 'डीएफ'ला 'आय' (-i) पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलीमागे लागणारी फाइलसिस्टिममधली नोंद) तपासा. बारीकसारीक फाइलींचा ढीग झाला की आयनोड संपतात, मग जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नाही, आणि तुमचा ९० टक्क्यांचा मेल तेव्हा येणारच नाही.