काचेबाहेर थांबलेल्या बापासाठी

भावा, कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय असो की खासगी दवाखाना, एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी हात रिकामेच वाटतात. पण कामं आहेत.

पहिलं दूध. बाळ ओढत नसलं तरी वहिनींनी दर २-३ तासांनी, रात्रीसुद्धा, पिळून काढायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळ जेमतेम ओला होईल एवढाच चीक येतो. तोच सगळ्यात मोलाचा, टाकू नका. उकळलेली झाकणाची वाटी, वर नाव आणि वेळ. गॅसवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची.

मॉनिटरकडे टक लावू नको. बाळानं पाय झाडला की तळपायाचा सेन्सर सरकतो आणि अलार्म बोंबलतो. सिस्टरांना हाक मार, तोवर बाळाचा रंग बघ. अपुऱ्या दिवसांचं बाळ ऑक्सिजनवर असेल तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. १०० साठी हट्ट नको, जादा ऑक्सिजननं डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो.

'बरं हाय का?' विचारलंस तर 'बरं आहे' एवढंच ऐकशील. वजन किती, दूध किती मिली, श्वास कशावर, हे रोज विचारून वहीत लिही. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच.

बाळ स्थिरावलं की कांगारू पद्धतीचं विचार. बाळाला उघड्या छातीवर धरायचं, एका वेळी किमान तासभर. बापाची छातीही चालते. आणि पाव्हण्यांना घरीच थांबव.