कलाकारांच्या वेळा कधी लिहायच्या?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहते, आत्तापर्यंत मराठी सिरीयल्सना असिस्टंट होते. आता एका अमेरिकन फिल्मचं पुण्यात आठ दिवस शूट आहे, कलाकार सॅग-आफ्ट्राचे, म्हणजे अमेरिकन कलाकारांच्या युनियनचे मेंबर आहेत आणि सेकंड एडींनी (सेकंड असिस्टंट डायरेक्टर) कलाकारांच्या वेळा लिहायचा 'एक्झिबिट जी' नावाचा फॉर्म माझ्याकडे दिलाय. आपल्याकडे शिफ्ट लिहिली की झालं, इथे एकेका माणसामागे एवढे रकाने कशाला? पॅकअपला एकदम भरला तर चालेल ना?

उत्तर: अजिबात नको गं! कॉल, मेकअप, सेटवर आले कधी, जेवायला सोडलं कधी, परत कधी, सुटले कधी, सगळं त्या त्या क्षणी लिही, कारण त्यांचा पगार ह्याच कागदावरून निघतो. मोठ्या बजेटच्या करारात रोजंदारीच्या कलाकाराला 8 तासांनंतरचे दोन तास दीडपट, 10 च्या पुढे दुप्पट, लो-बजेटला गणित वेगळं, त्यामुळे तुमचा करार कुठला ते आधी विचार. कॉलपासून 6 तासांत जेवण मिळालं नाही की पहिल्या अर्ध्या तासाला 25 डॉलर, दुसऱ्याला 35, पुढच्या प्रत्येकाला 50, आणि हे दर माणशी! सुटल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या कॉलपर्यंत साधारण 12 तास विश्रांती लागते, तेही ह्याच आकड्यांवरून कळतं.

आणि वेळ दशांशात लिहितात, 6 मिनिटं म्हणजे 0.1. घड्याळात 7:18 झाले तर 7.3, साडेसात म्हणजे 7.5. इथे नवीन मुलं हमखास चुकतात.

माझंच सांगते. भोरच्या वाड्यात शूट होतं, एका बाईंचा कॉल सकाळी 6 चा, जेवायला सोडलं 12:24 ला आणि मी रात्री आठवून सरळ 12 लिहिलं. सहीला आल्या, त्या रकान्यावर बोट ठेवलं, पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हक्काचे 25 डॉलर मी खाल्ले असते गं, मुद्दाम नाही, पण खाल्लेच असते. तेव्हापासून खिशात छोटी वही असते.

सही सुटतानाच घ्यायची, सकाळी कोऱ्या फॉर्मवर कुणी मागितली तर तू नाही म्हण.

आणि सिरीयलला परत गेलीस की लहान मुलांच्या वेळा तरी अशाच लिही, आपल्याच 2017 च्या बालकामगार नियमांत त्यांना दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, आणि नुसतं शिफ्ट लिहिलेल्या वहीत ते कुणाला दिसणार?