नैसर्गिक वायू, गोडे तेल आणि मिथेन

एका अनुवादक वाचकांचा प्रश्न आला आहे. अमेरिकेच्या वाढत्या वायुनिर्यातीवरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना त्यांना असे दिसले की, मूळ लेखिकेने ‘नॅचरल गॅस’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘फॉसिल गॅस’ किंवा ‘मिथेन गॅस’ असे लिहिले आहे. मराठीत रुळलेला ‘नैसर्गिक वायू’ तसाच ठेवावा, की ‘जीवाश्म वायू’ असा नवा शब्द घडवावा, असे त्यांना विचारायचे आहे. सोबत त्यांनी आपल्या मसुद्यातले एक वाक्यही दिले आहे : ‘निर्यात वाढल्यामुळे नैसर्गिक वायूचे उत्सर्जन वाढेल.’ माझ्या मते शब्दापेक्षा हे वाक्य अधिक अडचणीचे आहे. पण आधी शब्दाकडे पाहू.

‘नैसर्गिक’ हे विशेषण येथे गुण सांगण्यासाठी आलेले नाही, भेद दाखवण्यासाठी आलेले आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांच्या रस्त्यांवर आणि घरांत जो गॅस जळत असे, तो कारखान्यात दगडी कोळसा तापवून तयार केलेला असे. लंडनमध्ये असा गॅस पुरवणाऱ्या कंपनीला 1812 साली सनद मिळाली होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवर 1860च्या दशकात जे गॅसचे दिवे लागले, तेही याच कोळशाच्या गॅसवर चालत. या तयार केलेल्या गॅसपासून जमिनीतून आयता मिळणारा गॅस वेगळा ओळखता यावा म्हणून त्याला ‘नॅचरल’ म्हटले गेले. पुढे कोळशाचा गॅस वापरातून गेला, विशेषणाचा जोडीदार नाहीसा झाला आणि विशेषण मात्र मागे उरले. मराठीत हा शब्द आला तो जोडीदाराशिवायच, त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘कशाच्या उलट’, हा प्रश्न आपल्या मनात कधी उभाच राहिला नाही.

हेच आपल्याकडे गोड्या तेलाचे झाले आहे. गोडे तेल चवीला गोड नसते. दिव्यात घालायच्या, खाण्यास अयोग्य अशा कडू तेलापासून ते वेगळे दाखवण्यासाठी त्याला ‘गोडे’ म्हणत. कडू तेल बहुतेक घरांतून गेले, तरी गोडे तेल राहिले. फरक इतकाच की, नावात ‘गोडे’ आहे म्हणून ते तेल कोणी चहात घालत नाही. ‘नैसर्गिक’ वायूच्या नावात निसर्ग आहे म्हणून तो निसर्गाला मानवणारा असणार, असे समजणारे मात्र पुष्कळ आहेत. येल विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत एकाच पदार्थाला ‘नॅचरल गॅस’ म्हटले की लोकांच्या भावना अनुकूल होतात आणि ‘मिथेन’ म्हटले की त्या बऱ्याच प्रतिकूल होतात, असे आढळले. नावाची ही ताकद विकणाऱ्यांनाही ठाऊक असतेच. टेक्सासमधील फ्रीपोर्ट येथील निर्यात प्रकल्पाच्या विस्ताराला परवानगी देताना अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मे 2019 मध्ये काढलेल्या पत्रकात या वायूला ‘फ्रीडम गॅस’, म्हणजे स्वातंत्र्यवायू, असे म्हटले होते आणि त्याच्या रेणूंना ‘अमेरिकी स्वातंत्र्याचे रेणू’ ठरवले होते. त्यापुढे ‘नैसर्गिक’ हे विशेषण फारच विनयशील वाटू लागते.

मग ‘मिथेन’ म्हणावे का? रसायनाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही, कारण नैसर्गिक वायूचा सर्वांत मोठा घटक मिथेनच असतो आणि द्रवीकरणाआधी त्यातील पाणी, कार्बन डायऑक्साइड व इतर घटक काढून टाकल्यामुळे जहाजात भरला जाणारा माल तर जवळजवळ मिथेनच असतो. हवामानाच्या चर्चेत हे नाव कळीचे ठरते, कारण हा वायू जळला तर एक हिशेब लागू होतो आणि न जळता निसटला तर अगदी दुसरा. जळताना तेवढ्याच उष्णतेसाठी तो कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो. ‘स्वच्छ इंधन’ ही ख्याती एवढ्यावरच उभी आहे आणि धुराड्यापाशी ती खरीही आहे. पण न जळलेले एक टन जीवाश्म मिथेन, हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार, 20 वर्षांच्या कालावधीत सुमारे 82 टन आणि 100 वर्षांच्या कालावधीत सुमारे 30 टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवते. हवेत त्याचे आयुष्य 12 वर्षांच्या आसपास असते, म्हणून कालावधी जितका लांब घ्यावा तितका त्याचा सरासरी परिणाम सौम्य दिसतो.

अशा वेळी थोडीशी गळतीही भारी पडते. अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतून एकूण उत्पादनाच्या 2.3 टक्के वायू निसटतो, असा निष्कर्ष 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका अभ्यासाने काढला होता. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजापेक्षा तो सुमारे 60 टक्क्यांनी अधिक होता. निर्यातीत या गळतीवर आणखी खर्च चढतो. वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने कमी करावे लागते, आणि या कामातच आलेल्या वायूचा लक्षणीय भाग खपतो. पुढे जहाजातही थोडा माल सतत उकळत राहतो. कॉर्नेल विद्यापीठाचे रॉबर्ट हॉवर्थ यांनी 2024 मध्ये हे सगळे टप्पे जमेस धरून असे मांडले की, 20 वर्षांचा कालावधी घेतल्यास अमेरिकेतून निर्यात होणाऱ्या द्रवीकृत वायूचा हवामानभार कोळशापेक्षा 33 टक्क्यांनी जास्त भरतो. त्यांची गृहीतके आणि विशेषतः 20 वर्षांच्या कालावधीची निवड अनेकांना मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र तो वाद गळती किती आणि कालावधी कोणता याबद्दल आहे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमक्या याच दोन गोष्टी झाकून टाकतो.

आता आपल्या वाक्याकडे वळू. ‘नैसर्गिक वायूचे उत्सर्जन’ या शब्दप्रयोगात व्युत्पत्तीची एक गंमत आहे. ‘निसर्ग’ आणि ‘उत्सर्जन’ हे दोन्ही शब्द सृज्, म्हणजे सोडणे, या एकाच धातूपासून आले आहेत. विसर्जन, विसर्ग आणि सृष्टीही त्याच कुळातल्या. संस्कृतात निसर्ग या शब्दाला ‘टाकणे, बाहेर सोडणे’ असाही अर्थ आहे, त्यामुळे मूळ अर्थ धरला तर हा शब्दप्रयोग जवळपास ‘सोडलेल्याचे सोडणे’ असा होतो. ही झाली गंमत. खरी अडचण अशी की, ‘उत्सर्जन’ या एका शब्दात तीन वेगळ्या क्रिया गुंडाळल्या जातात. सांध्यांतून आणि विहिरींतून नकळत निसटणे ही गळती आहे, मुद्दाम हवेत सोडणे हे सोडणेच आहे, आणि टेक्सासच्या तेलविहिरींवर होते तसे नको असलेला वायू ज्वाळेने जागीच संपवणे म्हणजे जाळून टाकणे आहे. पहिल्या दोन्हींत हवेत मिथेन जातो, तिसरीत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. मराठीत या तिन्हींना साधी क्रियापदे असताना ती न वापरणे हा निव्वळ आळस म्हणावा लागेल.

‘निर्यात’ या शब्दाबाबतही सावध राहावे लागते. मार्च 2018 मध्ये लुइझियानातील सबीन पास येथून निघालेले जहाज दीर्घ मुदतीच्या करारातील पहिला अमेरिकी माल घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला आले. अशा मालाच्या बाबतीत विहिरीवरची गळती आणि द्रवीकरणाचा भार आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अमेरिकेच्या खाती पडतो, येथे जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड भारताच्या खाती पडतो, आणि समुद्रावरील प्रवासातला भार कोणत्याच देशाच्या बेरजेत धरला जात नाही. त्यामुळे ‘निर्यातीमुळे अमेरिकेचे उत्सर्जन वाढेल’ असे लिहिले तर गोष्टीचा एकच तुकडा सांगितल्यासारखे होईल.

‘जीवाश्म वायू’ मला चालेल, पण आवडणार नाही. इंग्रजी ‘फॉसिल’ हा शब्द ‘खणून काढलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि प्राण्यांच्या अवशेषांचा अर्थ त्याला नंतर चिकटला, म्हणून जुना मराठी ‘खनिज’ त्याच्या अधिक जवळ जातो. ‘खनिज वायू’ हा शब्द कानाला परका नाही आणि तो कोणाची स्तुतीही करत नाही. तरीही व्यापाराच्या मालाचे नाव म्हणून ‘नैसर्गिक वायू’ काढून टाकू नये, कारण करार, कायदे आणि पाइपने गॅस घेणाऱ्या ग्राहकांची बिले त्याच नावाने चालतात. हवेत काय गेले हे सांगायचे असेल तेथे मात्र ‘मिथेन’ आणि ‘कार्बन डायऑक्साइड’ अशी नावे घेऊनच लिहावे. जाता जाता आणखी दोन सूचना. ‘द्रवरूप’पेक्षा ‘द्रवीकृत’ बरा, कारण हा वायू आपणहून द्रव नसतो, त्याला ऊर्जा खर्चून तसे करावे लागते. आणि ‘वायू’ एकटा असेल तेव्हा दीर्घ, पण ‘वायुगळती’, ‘वायुवाहिनी’ अशा समासांत पूर्वपदी आला की ऱ्हस्व. आपल्या मसुद्यात हे दोन्ही उलट झाले आहे.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘नैसर्गिक वायूची निर्यात वाढली, तर अमेरिकेत विहिरीपासून बंदरापर्यंत होणारी मिथेनची गळती वाढेल, आणि तो वायू जेथे जाळला जाईल तेथे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होईल.’