तळघराचे नूतनीकरण : पाहणीला येणारा अभियंता नेमके काय पाहतो

नाशिकच्या गंगापूर रोडवरील जुन्या बंगल्याच्या तळघरातली ओल थांबवून तिथे पाहुण्यांची खोली आणि स्वच्छतागृह करायचे आहे, आणि महापालिकेची पाहणी पहिल्याच फेरीत पार पडावी, असा आपला प्रश्न आहे. यातील पाहुण्यांच्या खोलीचा विचार आधीच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याच्या २०२० च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तळघर साठवण, वाहनतळ, यंत्रसामग्री अशा वापरांसाठी मंजूर होते, राहण्यासाठी नाही. पलंग आणि लागून न्हाणीघर दिसले की ती साठवणीची खोली आहे हे पटवून देणे अशक्य होते, मग काम कितीही सुबक असो.

पाहणीला येणारा अभियंता कामाचा दर्जा पाहायला येत नाही. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा जुळतात की नाही, एवढेच तो पाहतो. म्हणून गवंड्याला बोलावण्यापूर्वी महापालिकेचे मुख्यालय असलेल्या राजीव गांधी भवनातील नगररचना विभागातून मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला यांच्या प्रमाणित प्रती काढून घ्याव्यात. गिलावा, रंग, फरशी बदलणे यांसाठी परवानगी लागत नाही. मात्र भिंत पाडणे, नवी खिडकी फोडणे, जिना हलवणे किंवा तळ खोल करणे यांसाठी वास्तुविशारदामार्फत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली सुधारित परवानगी घ्यावी, अन्यथा अनधिकृत बांधकामासाठी कलम ५३ ची नोटीस येऊ शकते.

सर्वाधिक गफलत उंचीत होते. तळघराची उंची तयार फरशीपासून स्लॅबच्या किंवा छताच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत किमान २.४ मीटर भरावी लागते. समजा, आज कोब्यापासून स्लॅबपर्यंत २.५५ मीटर आहे. मसाला आणि फरशी यांत १० सेंटिमीटर गेले, खाली फॉल्स सीलिंगने आणखी १५ घेतले, की उरतात २.३० मीटर, आणि हे लक्षात येते तेव्हा फरशीचे पैसे देऊन झालेले असतात. अशा वेळी ठेकेदार सहजपणे सुचवतो की तळ थोडा खणून घेऊ. नाशिकमध्ये कुठे चार फुटांवर मुरूम लागतो, कुठे काळी माती बरीच खोल जाते. पायाची पातळी न पाहता भिंतीलगत खणले, तर पायाखालचा आधारच निघून जातो. संरचना अभियंत्याचा लेखी आराखडा आणि स्थैर्य प्रमाणपत्र असल्याशिवाय पहारही लावू देऊ नये. माझ्या मते फॉल्स सीलिंगचा हट्ट सोडणे हाच स्वस्त उपाय आहे.

दुसरी उंची बाहेरची. तळघराचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर असावे लागते, कारण त्याच पट्ट्यातून उजेड आणि वारा येतो. जुन्या बंगल्यांत अंगणावर आधी शहाबादी, मग तिच्यावर पेव्हर ब्लॉक असे थर चढत जातात आणि झरोक्याचा उंबरठा अंगणाच्या पातळीला येऊन टेकतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी तिथूनच आत उतरते. आपली ओलही मुळात तिथूनच येत असेल, तर आतल्या भिंतींवर कितीही रसायन चोळले तरी उपयोग नाही. आधी पेव्हर काढून उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. घर गोदावरीच्या पूररेषेत येते का, हेही विकास आराखड्यावर पाहून ठेवावे.

जे झाकले जाणार आहे, ते झाकण्याआधी दाखवावे. नवी सळई, भिंतीतले ग्राउटिंग (भेगांत भरलेला सिमेंटचा पातळ मसाला), जमिनीखालची नळजोडणी यांची छायाचित्रे टेप लावून, तारखेसह काढावीत आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी संरचना अभियंत्याची सही घ्यावी. महापालिकेचा अभियंता प्रत्येक टप्प्यावर येईलच असे नाही, पण कागद मागतो तेव्हा हीच फाइल कामी येते. बॉक्स वॉटरप्रूफिंग, म्हणजे तळ आणि भिंतींना सलग दिलेला पाणीरोधक थर, हेही फरशी बसवण्यापूर्वी पाणी साठवून तपासावे. ते कोणी मागत नाही, तरी करावे.

स्वच्छतागृहाबाबत वास्तुविशारदाला आधीच विचारावे. परवानगी मिळाली, तरी तळघर रस्त्यावरील मलवाहिनीच्या खाली असल्यामुळे मैला संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, घेऊन पंपाने वर चढवावा लागतो आणि बाहेर जाणाऱ्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारी झडप) बसवावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात चेंबर तुंबले की पाणी उलटे येते. विजेसाठी तळघराला स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) आणि जमिनीपासून पुरेशा उंचीवर प्लग, एवढे परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा.

पाहणीत त्रुटी निघालीच, तर तिथल्या तिथे वाद न घालता ती लेखी मागावी. तोंडी सांगितलेली त्रुटी पुढच्या वेळी वेगळा अधिकारी आला की बदलते, आणि लेखी असली की वास्तुविशारद तेवढ्याच मुद्द्याची पूर्तता करून तळघराचा सुधारित नकाशा फाइलला लावू शकतो.