जुन्या बाईकचं हेड गॅस्केट नवीन टाकूनही परत लीक होतंय, काय करू?

नवीन गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) टाकूनही फुसफुस येतेय म्हणजे बहुतेक हेडच, म्हणजे सिलिंडरवरचं झाकणच, वाकलंय. हेड साफ करून त्याच्या गॅस्केटच्या बाजूवर स्टीलची सरळ पट्टी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवा, खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला, ०.०५ एमएमचं पातं सहज सरकलं तर आधी फेसिंग, म्हणजे मशीनवर हेड सपाट करून घ्या. तांब्याचं गॅस्केट असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, तांबं मऊ पडतं आणि नीट दाबून बसतं, हीच स्टेप लोक टाळतात आणि घोळ तिथेच होतो. नट थंड इंजिनवरच, समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यात मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत (आवळायच्या ठरलेल्या जोरापर्यंत) आवळा, एकच नट एकदम पूर्ण कधीच नाही. मग इंजिन एकदा गरम करून पूर्ण गार झाल्यावर टॉर्क परत बघा आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट ठरवणं) शेवटी, कारण हेड बसलं की गॅप बदलतो.